पस्तीस की सतरा?

शिष्यवृत्ती परीक्षेचे दिवस जवळ आले की वर्गातल्या कपाटात सराव पुस्तकांची चळत वाढू लागते. ही परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीला असायची, २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला होऊ लागली. इयत्ता बदलल्या, पण बुद्धिमत्ता चाचणीतला एक प्रकार मात्र ठाण मांडून बसला आहे. तीन आडव्या ओळी, तीन उभे रकाने, आठ घरांत आठ संख्या आणि नवव्या घरात प्रश्नचिन्ह. वर एकच वाक्य असतं : ‘प्रश्नचिन्हाच्या जागी कोणती संख्या येईल?’ हा प्रकार आपण इतक्या वेळा पाहिलेला असतो की त्या वाक्यात नक्की काय विचारलंय, हे तपासून पाहावं असं कधी मनात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

एका सराव पुस्तकातलं हे कोडं मी पाचवीच्या वर्गाला सोडवायला दिलं होतं :

२   ४   ८
३   ३   ९
५   ७   ?

पर्याय : (१) १२   (२) १७   (३) ३५   (४) ४२

पुस्तकाच्या शेवटी उत्तर दिलेलं होतं ३५. दोन चोक आठ, तीन त्रिक नऊ, म्हणून पाच सत्ते पस्तीस. वर्गातल्या बहुतेकांनी तेच लिहिलं. एका मुलीनं १७ लिहिलं होतं. मी लाल पेननं फुली मारली आणि पुढच्या वहीकडे वळले.

मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. ‘‘बाई, उभं बघा ना. दोन आणि तीन पाच. चार आणि तीन सात. मग आठ आणि नऊ सतराच ना?’’

मी सवयीनं म्हणून गेले, ‘‘अगं, आडवं बघायचं असतं.’’

‘‘असं कुठं लिहिलंय?’’

मी पुस्तक उघडून पाहिलं. त्या पानावर लिहिलेलं नव्हतं. प्रकरणाच्या सुरुवातीलाही नव्हतं. ‘आडवं बघायचं असतं’ हे मला कोण्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं, ते वर्षानुवर्षं उत्तरं तपासून माझ्या अंगवळणी पडलं होतं एवढंच.

या लेखात त्या एका कोड्याचं परीक्षण करायचा विचार आहे. कवितेचं रसग्रहण करताना आपण शब्द न् शब्द पाहतो. मग ज्या नऊ घरांवर एखाद्या मुलाचे दोन गुण ठरतात ती घरं तरी नीट पाहायला काय हरकत आहे?

पुरावा कोणाच्या बाजूनं किती?

आधी दोन्ही उत्तरं तराजूत टाकून पाहू. पस्तीसच्या बाजूनं दोन पूर्ण ओळी साक्ष देतात. पहिली ओळ म्हणते ‘गुणाकार’, दुसरीही म्हणते ‘गुणाकार’, तिसरी अपुरी आहे. सतराच्या बाजूनं दोन पूर्ण रकाने आहेत. पहिला म्हणतो ‘बेरीज’, दुसराही म्हणतो ‘बेरीज’, तिसरा अपुरा आहे. म्हणजे साक्षीदार दोघांकडे सारखेच. दोन्ही नियम आठही संख्या वापरतात, एकही शिल्लक ठेवत नाहीत. तेव्हा पुराव्याच्या वजनावर पस्तीस जिंकत नाही.

मग आडवंच का बघायचं? आपण मराठी डावीकडून उजवीकडे वाचतो म्हणून, एवढंच कारण मला सुचतं, आणि ते काही गणितातलं कारण नव्हे. उलट शाळेतल्या सवयीचाच आधार घ्यायचा तर तो त्या मुलीच्या बाजूनं जास्त आहे. पहिलीपासून आपण मुलांना बेरीज कशी मांडायला शिकवतो? एकाखाली एक दोन संख्या आणि त्यांच्याखाली उत्तर. तिनं चौकटीत उभी मांडणी पाहिली, ती आपणच तिच्या डोळ्यांत भरवलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी हे कोडं फळ्यावर काढलं आणि पर्याय पुसून टाकले. ‘‘उत्तर सांगू नका, नियम सांगा,’’ एवढंच म्हटलं. गुणाकारवाले आणि बेरीजवाले असे दोन पक्ष पडणार हे ठाऊकच होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, ‘‘अकरा.’’ त्याचा नियम असा : दोनाचे आठ होताना सहा वाढतात, तीनाचे नऊ होतानाही सहाच वाढतात, मग पाचाचे अकरा. मी म्हटलं, ‘‘अरे, पण मधला रकाना तू वापरलाच नाहीस.’’ तो शांतपणे म्हणाला, ‘‘तो फसवायला दिला असेल.’’

याला काय उत्तर द्यायचं? शाब्दिक उदाहरणांत नको असलेली माहिती मुद्दाम पेरायला आपणच सुरुवात केली. ‘रामभाऊंकडे १२ गाई, ७ म्हशी आणि ३ कोंबड्या आहेत, तर दुभती जनावरं किती?’ अशा उदाहरणात कोंबड्या बाजूला ठेवणाऱ्या मुलाचं आपण कौतुक करतो. तरीही मी अकरा हे सतराच्या पंक्तीला बसवणार नाही. दिलेल्या आठ संख्यांतल्या तीन जो नियम वापरतच नाही, तो पाच संख्यांचा नियम झाला, आठांचा नव्हे. पण अकरा म्हणजे चूक असंही मला म्हणवत नाही. दिलेल्या संख्यांपैकी एकही त्याच्या विरोधात जात नाही.

त्या रात्री घरी पुन्हा कागद घेऊन बसले, आणि आडव्या ओळींतूनच सतरा मिळवता येतो का ते पाहिलं. येतो! पहिल्या संख्येची दुप्पट करा आणि त्यात दुसरी मिळवा. दोनाची दुप्पट चार, अधिक चार, झाले आठ. तीनाची दुप्पट सहा, अधिक तीन, झाले नऊ. पाचाची दुप्पट दहा, अधिक सात, झाले सतरा. म्हणजे ‘आडवंच बघायचं’ हा माझा नियम मान्य केला तरी सतरा बाद होत नाही.

उभी बेरीज आणि ही आडवी दुप्पट दोघींचं उत्तर सतराच यावं, हा योगायोग नव्हे. पहिल्या ओळीचा आठ म्हणजे २ + २ + ४. दुसऱ्या ओळीचा नऊ म्हणजे ३ + ३ + ३. हे दोन्ही एकत्र करा : (२ + ३) + (२ + ३) + (४ + ३), म्हणजे ५ + ५ + ७. तिसऱ्या ओळीतल्या पाच आणि सातावर दुप्पट करण्याचा नियम लावला की हेच होतं. वरच्या दोन ओळींची बेरीज खाली उतरवली की ‘दुप्पट अधिक’ हा नियमही तिच्याबरोबर खाली उतरतो. सातवी-आठवीच्या मुलांना अक्षरं घालून हे सिद्ध करायला सांगून बघा, चांगली तासभराची बैठक होते.

दोन ओळींचं दुखणं

आता प्रश्न असा की हे एक कोडं दुर्दैवी निघालं, की या जातीच्या कोड्यांतच काही खोट आहे?

समजा, कोडं रचणाऱ्याच्या मनात गुणाकार आहे. आपण दुसरा नियम शोधतो : पहिल्या संख्येची काही पट अधिक दुसऱ्या संख्येची काही पट. या दोन पटी आपल्याला ठाऊक नाहीत. पण दोन पूर्ण ओळी म्हणजे दोन समीकरणं, आणि अज्ञातंही दोनच. नववी-दहावीत एकसामयिक समीकरणं शिकवणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल की अशा पटी जवळजवळ नेहमी सापडणारच. पहिल्या दोन घरांचं प्रमाण दोन्ही ओळींत एकच असेल, तेव्हाच अडचण. म्हणजे दोन ओळींच्या पुराव्यावर रचलेल्या कोणत्याही कोड्याला दुसरं उत्तर आधीच चिकटलेलं असतं. एरवी त्या पटी ‘सव्वातीन’ किंवा ‘उणे आठ’ अशा वेड्यावाकड्या निघतात म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही, इतकंच. आपल्या कोड्यात त्या २ आणि १ अशा सुबक निघाल्या.

सुबक निघण्याचंही कारण आहे. पाचवीसाठी कोडं म्हणून संख्या लहान घेतल्या. लहान संख्या मुळातच थोड्या, आणि आपण त्यांच्याकडून करून घेतो ती कामं पुष्कळ. त्यामुळे तीच संख्या एका वाटेनं गुणाकार म्हणून येते, दुसऱ्या वाटेनं बेरीज म्हणून, तिसऱ्या वाटेनं आणखी काही म्हणून. रिचर्ड गाय या गणितज्ञानं १९८८ मध्ये लहान संख्यांच्या या फसवेगिरीवर एक लेख लिहिला. पहिल्या काही पदांवरून नियम खरा वाटावा आणि पुढे तो मोडावा, किंवा न मोडता टिकावा, अशी कितीतरी उदाहरणं त्यानं गोळा केली होती.

यातलं वर्गात सहज करून पाहता येण्यासारखं उदाहरण वर्तुळाचं. वर्तुळावर एक बिंदू घ्या : आतला भाग अखंड, म्हणजे भाग १. दोन बिंदू घेऊन जोडा : २ भाग. तीन बिंदू, प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येकाशी जोडा : ४ भाग. चार बिंदूंना ८. पाच बिंदूंना १६. आता सहा बिंदूंना किती? वर्ग एका आवाजात ‘बत्तीस’ म्हणतो. काढून मोजू द्या. जास्तीत जास्त ३१ भाग होतात. एखाद्या नेटक्या मुलानं सहाही बिंदू कोनमापक लावून समान अंतरावर घेतले असतील तर त्याला ३०च मिळतील, कारण त्याचे तीन व्यास मध्यावर एकाच बिंदूतून जातात आणि मधला एक इवलासा त्रिकोण नाहीसा होतो. १, २, ४, ८, १६ लिहून ‘पुढची संख्या कोणती?’ असं विचारणाऱ्या पुस्तकाला ३२ हवे असतात. ते चूक नाहीत. पण तो प्रश्न दुपटीबद्दल आहे की वर्तुळाच्या तुकड्यांबद्दल, हे त्या पाच संख्यांना ठाऊक नसतं.

विज्ञानातही हेच घडतं असं कोणी म्हणेल. संख्या समोर येतात, नियम आपण शोधायचा असतो. खरं आहे. अठराव्या शतकात टिटियस आणि बोडे यांनी ग्रहांच्या अंतरांसाठी एक गंमतीदार नियम मांडला. ०, ३, ६, १२, २४ अशा तीनपासून दुप्पट होत जाणाऱ्या संख्या घ्यायच्या आणि प्रत्येकीत ४ मिळवायचे. ४, ७, १०, १६, २८, ५२, १०० अशी माळ मिळते. पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर १० मानलं तर बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी त्यात बऱ्यापैकी बसतात. मध्ये २८चं घर तेवढं रिकामं होतं. १७८१ मध्ये युरेनस सापडला, त्याला नियमानं १९६ हवे होते, निघाले सुमारे १९२. १८०१ मध्ये २८च्या रिकाम्या घराजवळ सेरेस सापडला. आता नियम खराच असं कोणालाही वाटलं असतं. १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. नियम म्हणत होता ३८८, नेपच्यून होता सुमारे ३०१ वर.

फरक इथंच आहे. निसर्गाचं कोडं पुढची ओळ दाखवतं. कधी पासष्ट वर्षांनी दाखवतं, पण दाखवतं, आणि दोन नियमांपैकी कोणता टिकला ते कळतं. सराव पुस्तकातलं कोडं दोन ओळींवर थांबतं आणि शेवटच्या पानावर निकाल देऊन टाकतं. मुलाला नवी ओळ मागण्याची सोय नाही. ‘पाचवीतल्या मुलांनी निरीक्षणातून नियम शोधावा’ हा हेतू चांगलाच आहे, पण नियम पडताळून पाहायला काही ठेवलेलंच नसेल तर ते निरीक्षण कसलं? मग ते कोडं ‘संख्यांत कोणता संबंध आहे?’ असं विचारत नाही. ‘माझ्या मनात कोणता संबंध होता?’ असं विचारतं.

जुन्या चौकटी काय सांगतात

सगळ्याच संख्या-चौकटी अशा संदिग्ध असतात असं नाही. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात कोरलेली ही चौकट पाहा. तिला चौतीसा यंत्र म्हणतात.

७    १२   १    १४
२    १३   ८    ११
१६   ३    १०   ५
९    ६    १५   ४

हिच्यातला शेवटचा चार पुसून टाका आणि मुलांना एवढंच सांगा की आडव्या, उभ्या आणि तिरक्या सगळ्या बेरजा सारख्या आहेत. कोणी आडवं बघेल : ९ + ६ + १५ = ३०, म्हणून ४. कोणी उभं बघेल : १४ + ११ + ५ = ३०, म्हणून ४. कोणी कर्णावरून जाईल : ७ + १३ + १० = ३०, पुन्हा ४. कोणत्याही दारानं आत या, घर एकच. आपल्या कोड्यात आडव्या दारानं गेलं तर पस्तीस आणि उभ्या दारानं गेलं तर सतरा. रचणाऱ्यानं हे दुसरं दार उघडून बघितलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं.

अर्थात जुन्या चौकटींबद्दलचे प्रश्नही नीट विचारावे लागतात. नारायण पंडितांनी १३५६ मध्ये ‘गणितकौमुदी’ लिहिली, तिच्यात भद्रगणित नावाचं एक सबंध प्रकरण अशा चौकटींवर आहे. चौतीसा यंत्राची आणखी एक करामत अशी की त्यातले मोडके कर्णही जुळतात. १२, ८, ५ आणि उडी मारून पहिल्या रकान्यातला ९, बेरीज ३४. एक ते सोळा या संख्यांच्या अशा चौकटी किती? नारायण पंडित सांगतात ३८४. आज कोणी ४८ म्हणेल. दोघंही बरोबर आहेत. एकच चौकट फिरवून किंवा आरशात धरून आठ प्रकारे लिहिता येते. ती आठ वेगळी धरायची की एकच, हे ठरवल्याशिवाय ‘किती?’ या प्रश्नाला अर्थच येत नाही. बुद्धिबळाच्या पटावर चौरस किती, यालाही ६४ आणि २०४ अशी दोन उत्तरं आहेतच. फक्त तिथं आपण ‘सगळे लहानमोठे चौरस मोजा’ एवढे चार शब्द घालून वाद मिटवतो.

सुडोकू रचणारे या बाबतीत फार काटेकोर. नियम उघड सांगायचा : प्रत्येक ओळीत, प्रत्येक रकान्यात आणि प्रत्येक छोट्या चौकटीत १ ते ९ एकेकदाच. उत्तर एकच निघालं पाहिजे, दोन निघाली तर ते कोडं फसलं. यासाठी ८१ पैकी निदान किती घरं भरून द्यावी लागतात? गॅरी मॅक्ग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकाला प्रचंड खपवून दाखवून दिलं की सतराहून कमी संख्या दिल्या तर उत्तर एकमेव राहूच शकत नाही. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या करमणुकीसाठी इतकी काळजी घेतली जाते. परीक्षेच्या तयारीसाठी दोन ओळी पुरतात असं आपण कशावरून मानलं?

कोडं रचणाऱ्याची बाजू

त्यांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. शिक्षकांच्या खोलीत मी हा विषय काढला तेव्हा ती जोरात मांडली गेली.

पहिला मुद्दा असा की सर्वात साधा नियम तोच बरोबर नियम. यात तथ्य आहे. कोणी मला सव्वातीन पट आणि उणे आठ पट घालून उत्तर दिलं तर मी हसून सोडून देईन. पण साधेपणाचा कस लावायचा तर आपल्या कोड्यात कोण हरतं? एकीकडे एक गुणाकार आहे, दुसरीकडे एक बेरीज आहे. बेरीज गुणाकाराहून अवघड असं कोणी म्हणणार नाही.

दुसरा मुद्दा पर्यायांचा. चार पर्याय हाही प्रश्नाचाच भाग असतो. आपलं उत्तर पर्यायांत नसेल तर मुलानं पुन्हा विचार करावा. हेही मला पटतं. अकरावाल्या मुलाला पर्यायांनी वाचवलंच असतं, त्यांत अकरा नव्हते. पण सतरा होते! ते तिथं का होते याचा मी बराच विचार केला. १२ समजतो, पाच आणि सात मिळवणाऱ्यांसाठी तो सापळा. ४२ हा पाढा चुकणाऱ्यांसाठी. १७ फक्त एकाच वाटेनं सुचू शकतो, आठ आणि नऊ मिळवून. म्हणजे रचणाऱ्याला उभा रकाना दिसला होता. तो दिसूनही त्यानं त्याला मुलांची संभाव्य चूक ठरवलं. न दिसणं समजू शकतं. दिसूनही पहिल्या दोन रकान्यांकडे मान वर करून न बघणं, ही माझी या कोड्याबद्दलची मुख्य तक्रार आहे.

तिसरा मुद्दा सगळ्यात प्रामाणिक होता. एक अनुभवी शिक्षिका म्हणाल्या, ‘‘अहो, सवयीनं कळतं मुलांना. दहा सराव परीक्षा दिल्या की आपोआप आडवं बघायला लागतात.’’ अगदी खरं. पण मग हा प्रश्न बुद्धिमत्तेचा राहिला कुठं? तो सवयीचा झाला. शहरात ज्याला खास वर्ग लावता येतो, त्याला ही सवय लागते. ज्याच्या घरी एकच जुनं पुस्तक आहे आणि ज्याला विचारायला कोणी नाही, ते मूल चौकटीकडे कोऱ्या डोळ्यांनी पाहतं. आपण ज्याला निरीक्षण म्हणतो ते खरं तर त्याच्याकडेच जास्त असण्याचा संभव. प्रत्यक्ष परीक्षेत निदान अंतरिम उत्तरसूची लागते, तिच्यावर आक्षेप घेता येतो. सराव पुस्तकातल्या फुलीवर आक्षेप घ्यायला मूल फक्त आपल्या टेबलाशी येऊ शकतं, आणि तेही मधल्या सुट्टीत, धीर करून.

दुरुस्ती अवघड नाही. गुणाकारच हवा असेल तर एक ओळ वाढवा :

२   ४   ८
३   ३   ९
४   ६   २४
५   ७   ?

आता उभी बेरीज पहिल्याच रकान्यात कोसळते. दुप्पट करून मिळवलं तर चार-सहाच्या ओळीत १४ येतात, हवेत २४. सहा वाढण्याचा नियमही गेला. पस्तीस एकटा उरतो. ओळ वाढवायला जागा नसेल तर वर चार शब्द लिहा : ‘प्रत्येक आडव्या ओळीत एकच संबंध आहे.’ मग दुप्पटवाला सतरा अजून शिल्लक राहतो हे खरं, पण तो पर्यायांतून काढून टाकता येतो. किंवा चौतीसा यंत्राचा धडा घेऊन चौकट अशी रचा की दोन्ही दारांनी तेच घर लागेल :

२   ३    ६
४   ५    २०
८   १५   ?

आडवा गुणाकार करा किंवा उभा करा, उत्तर १२०च. असं का होतं, हे मुलांनाच शोधू द्या. मी हे वर्गात दिलं तेव्हा मुलांना नुसतं उत्तर काढण्यापेक्षा ‘दोन्हीकडून सारखं का आलं?’ यात जास्त रस वाटला. त्यानंतर आठवडाभर वर्गात एकमेकांसाठी कोडी रचण्याचं वेड होतं. अट एकच होती : समोरच्यानं आपल्या मनात नसलेलं पण चौकटीत बसणारं उत्तर काढलं तर गुण त्याला. दुसऱ्याच दिवशी मुलं सावध झाली, आपली चौकट उभी धरून, आडवी धरून तपासू लागली. लहान संख्यांत धोका आहे हे त्यांना मी सांगितलं नाही. पाचव्या-सहाव्या कोड्यानंतर सगळ्यांच्या चौकटींत दोन अंकी संख्या दिसायला लागल्या. सतरा लिहिणारी मुलगी त्या आठवड्यात सर्वात अवघड गिऱ्हाईक ठरली होती. तिच्या वहीतली फुली मी खोडली होती, पण वही तिची, तिनं त्या खोडलेल्या फुलीभोवती एक चौकोन काढून ठेवला होता.

मी प्रकाशकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, पण पुढच्या आवृत्तीत ते कोडं बदललेलं सापडलं, तेव्हा पत्र कोणीतरी वाचलं असावं. सातच्या जागी सहा केले होते :

२   ४   ८
३   ३   ९
५   ६   ?

पर्याय : (१) ११   (२) १८   (३) ३०   (४) ३६

मी ते त्या मुलीला दाखवलं. ती आता सहावीत आहे. तिनं बोट उभं फिरवलं आणि म्हणाली, ‘‘उभं बंद केलं बाई त्यांनी. चार आणि तीन सहा होत नाहीत.’’ मग थोडा वेळ थांबून, ‘‘दुप्पट करून मिळवलं तर सोळा येतात अजून. पण सोळा दिलेच नाहीत.’’ मला बरं वाटलं. निम्मं का होईना, ऐकलं होतं.

तेवढ्यात शेजारून पुस्तकात डोकावणारा एक चेहरा एकदम खुलला. तोच, मागच्या बाकावरचा. दोनाचे आठ, तीनाचे नऊ, पाचाचे...

‘‘बाई, माझं आलं की! पहिलाच पर्याय!’’